शून्य कुठे धरायचं? : आकाशाच्या दोन नकाशांच्या जुळणीविषयी

२०२३ साली महाराष्ट्रात गणपती दोनदा बसले. बहुतेक घरांत १९ सप्टेंबरला आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत २० ऑगस्टला. दोन्ही दिवशी त्या त्या घराच्या पंचांगात भाद्रपद शुद्ध चतुर्थीच होती. चंद्र एकच, सूर्य एकच, अमावास्याही दोघांची एकाच क्षणी. गणितात चूक कोणाचीच नव्हती. फरक होता तो राशिचक्र कुठून मोजायला लागायचं एवढ्याच गोष्टीत. टिळक पंचांग रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापाशी शून्य धरतं. बाकीची बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरच्या बिंदूपाशी धरतात. या दोन शून्यांमध्ये जवळजवळ चार अंशांचं अंतर आहे. आठ पूर्णचंद्र एकाला एक लावून ठेवले तर जेवढी जागा व्यापतील तेवढं. सूर्याला ते कापायला चार दिवस लागतात, म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते आणि इतरांची १४ किंवा १५ ला. त्या वर्षी सूर्याचा सिंहप्रवेश एका पंचांगात १६ ऑगस्टच्या अमावास्येआधी पडला, दुसऱ्यात तिच्यानंतर. तेवढ्यावरून अधिक महिना कुठे घालायचा ते बदललं आणि गणपती महिनाभर मागेपुढे झाले.

आकाशाच्या मोजमापाबद्दलचं पुस्तक पंचांगापासून सुरू करावं असं मला वाटलं, कारण शून्य कुठे धरायचं हा प्रश्न पुण्याला नवा नाही. केरूनाना छत्र्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिली. त्यांच्याच गणिताच्या आधारावर १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागलं आणि त्यात रेवतीचं शून्य होतं. लोकमान्य टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी. व्यंकटेश बापूजी केतकर तितक्याच अधिकाराने चित्रेच्या बाजूने उभे राहिले. मुंबई, पुणे, सांगली इथे परिषदा भरल्या, वाद झाले आणि ते मिटले नाहीत. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती बसली. तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी होते, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. १९५५ च्या अहवालात या समितीने जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. चित्रापक्ष स्वीकारला, पण तो मांडला आकड्यात. २१ मार्च १९५६ ला वसंतसंपात आणि राशिचक्राचं शून्य यांतलं अंतर २३ अंश १५ कला धरावं, असं ठरलं. एका ताऱ्याकडे बोट दाखवून तिथे शून्य आहे असं म्हणण्याऐवजी एका तारखेला एक आकडा सर्वांनी मान्य करायचा, ही रीत आधुनिक खगोलशास्त्राचीच आहे. ती तिथे कशी रुजली हे पुढे येईलच.

पुण्यात स्वारगेटहून टिळक रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर टिळक स्मारक मंदिर आहे. २२ ऑगस्ट १९४४ ला स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, म्हणजे हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था, तिथे आहे. हा परिसर आकाशाचं वेड असलेल्या माणसांचा आहे. पण स्वारगेटच्या गच्चीवरून आता मोजके ठळक तारे दिसतात. बाकीचं आकाश दिव्यांनी धुऊन नेलंय. त्यामुळे हौशी माणूससुद्धा आज दुर्बिणीइतकाच कॅटलॉगवर विसंबतो. संगणकावर तारासूची उघडतो, त्यावर रेडिओ नकाशा टाकतो आणि एकाखाली दुसरं बरोबर बसलंय असं गृहीत धरतो. ते तसं बसतं कसं, कोणी बसवलं आणि कुठे अजूनही बसत नाही, हा या पुस्तकाचा विषय. मराठीत यावर सलग लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबवण्याची मुभा मी घेतली आहे.

जागा सांगायची तर दोन आकडे लागतात. जमिनीवर अक्षांश-रेखांश, आकाशात क्रांती आणि विषुवांश. क्रांतीचं शून्य खगोलीय विषुववृत्तावर असतं आणि ते पृथ्वीच्या फिरण्यातूनच ठरतं. विषुवांशाचं शून्य मात्र परंपरेने वसंतसंपातावर धरलं जातं, सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना विषुववृत्त ओलांडतो तिथे. अडचण अशी की हा बिंदू दिसत नाही. तिथे तारा नाही, खूण नाही. सूर्याची आणि ग्रहांची वर्षानुवर्षं निरीक्षणं करून तो गणिताने काढावा लागतो. शिवाय तो स्थिरही नाही. दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वेदांचा काळ काढण्यासाठी याच सरकण्याचा आधार घेतला होता.

मग खुणा कुठल्या धरायच्या? विसाव्या शतकातलं उत्तर होतं निवडक तारे. एफके-४ नावाची मूलभूत तारासूची १९६३ ची, तिची सुधारलेली एफके-५ ही १९८८ ची. तीत १५३५ तारे होते. जगभरच्या वेधशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या वेधांचं हे सार. तरीही एफके-४ चं शून्यच १९५० साठी अर्ध्या विकलेहून थोडं जास्त चुकलेलं निघालं आणि ती चूक काळाबरोबर वाढतही होती. कारण उघड आहे. तारे स्वतः चालतात. आपल्या वादातलेच दोन घेऊ. रेवतीचा तो योगतारा वर्षाला विकलेच्या सुमारे सातव्या भागाने पूर्वेकडे सरकतो. चित्रा विकलेच्या विसाव्या भागाने, पण पश्चिमेकडे. म्हणजे छत्रे आणि केतकर यांच्या शून्यांमधलं अंतरसुद्धा कायमचं नाही. ताऱ्याला खुंटी समजून नकाशा टांगला की खुंटीबरोबर नकाशाही हलतो. हजार-पंधराशे तारे घेतले तर त्यांच्या हालचाली एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात, पण सगळ्या नकाशाला जो एकत्र हळूहळू फिरण्याचा दोष लागतो तो आतून कळत नाही. तो ओळखायला बाहेरचं, न हलणारं काहीतरी हवं.

ते रेडिओ लहरींनी दिलं.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण या गोष्टीत चंद्राची मोठी कामगिरी आहे आणि भारताचीही. सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींना आकाश धूसर दिसायचं. उगम कुठेतरी या भागात आहे इतकंच कळायचं आणि त्या भागात तारे असायचे शेकडो. सिरिल हझार्ड यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर १९६२ मध्ये एक सोपी युक्ती मोठ्या कसोशीने वापरली. थ्री-सी २७३ नावाच्या रेडिओ उगमाचं चंद्राने पिधान होणार होतं, म्हणजे चंद्र त्याच्या आड येऊन त्याला झाकणार होता. चंद्राची कड त्या क्षणी आकाशात नेमकी कुठे आहे हे प्रकाशीय वेधांवरून ठाऊक असतं. उगमाचा आवाज ज्या क्षणी तुटतो आणि ज्या क्षणी परत येतो, ते क्षण नीट टिपले की उगम त्या त्या वेळच्या कडेवर असला पाहिजे. दोन वेगवेगळ्या कडा जिथे छेदतात तिथे तो सापडतो. चंद्र इथे दोन्ही नकाशांमधला दुवा झाला, कारण तो डोळ्यालाही दिसतो आणि रेडिओ लहरीही अडवतो. उगमाचे दोन भाग निघाले. त्यातला ‘ब’ भाग तेराव्या प्रतीच्या एका साध्या दिसणाऱ्या ताऱ्यावर बसला. मार्टिन श्मिट यांनी पालोमारच्या दुर्बिणीवर त्याचा वर्णपट घेतला, तेव्हा तो तारा नसून दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर असल्याचं १९६३ मध्ये उमगलं. क्वेसारांची ओळख अशी पटली. जागा अचूक ठरली म्हणूनच ती पटली.

हीच पिधानाची रीत गोविंद स्वरूप यांनी भारतात आणली. उटीजवळ मुथोराई इथे १९७० मध्ये पूर्ण झालेली रेडिओ दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. ती ज्या डोंगरउतारावर उभी आहे त्याचा कल तिथल्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंशांचा आहे. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून चंद्रामागे तासन्‌तास जाता येऊ लागलं. शेकडो उगमांची पिधानं तिने टिपली. विजय कपाही आणि स्वरूप यांनी त्या उगमांच्या आकारांवरून विश्व उत्क्रांत होत असल्याचा पुरावा मांडला. हाच गट पुढे पुण्यात आला. विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि खोडदची जीएमआरटी ही त्याच कामाची पुढची पिढी. उटीची जागा निवडणाऱ्या माणसाच्या दृष्टीला मी फार मानतो. भूगोलाचा असा नेमका उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

थ्री-सी २७३ ची गोष्ट मात्र इथे संपत नाही. रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यात दोन अँटेनांना जोडणारी रेषा पृथ्वीबरोबर वळत राहते. त्यातून पृथ्वीचा अक्ष सापडतो, म्हणून क्रांती स्वतंत्रपणे मोजता येते. दोन उगमांच्या विषुवांशांतला फरकही उत्तम मिळतो. पण पहिला विषुवांश कुठून मोजायचा हे या मोजणीत कुठेच येत नाही, कारण वसंतसंपात हा सूर्याच्या वाटेशी बांधलेला आहे आणि क्वेसारांचा सूर्याशी काही संबंध नाही. म्हणजे रेडिओ नकाशा आतून अत्यंत नेटका होता, पण त्याला शून्य नव्हतं. ते द्यायला एका उगमाचा विषुवांश प्रकाशीय चौकटीतून उसना घ्यावा लागला. तो उगम थ्री-सी २७३ ब. हझार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दिलेला त्याचा विषुवांश एफके-५ च्या चौकटीत बदलून घेतला आणि बाकी सगळे उगम त्यापासून मोजले. पुढे नव्या चौकटीचं शून्य अनेक उगमांच्या सरासरीवर टाकलं गेलं, तरी त्याचं मूळ हेच.

आता हा क्वेसार आकाशात कुठे आहे पाहा. कन्या राशीत. केतकरांनी ज्या चित्रेच्या समोर शून्य धरलं ती चित्रा कन्येतली, आणि रेडिओ आकाशाचं शून्य ज्याच्या आधाराने लागलं तो क्वेसारही कन्येतलाच, चित्रेपासून सुमारे १९ अंशांवर. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये, पण मला तो फार आवडतो. मार्च ते मेमध्ये शहराबाहेर जाऊन आठ इंची दुर्बिणीतून हा क्वेसार दिसतो. कन्येतल्या पोरिमा ताऱ्यापासून वायव्येला पाच अंशांच्या आत. ठिपकाच दिसतो, पण ज्याने आकाशाचा नकाशा वापरलाय त्याने एकदा तो डोळ्यांनी पाहायला हवा.

क्वेसार इतके दूर आहेत की त्यांची स्वतःची हालचाल आपल्याला जवळजवळ शून्य भासते. हजारो किलोमीटर अंतरावरच्या अँटेना एकाच वेळी एका क्वेसारवर रोखल्या आणि लहर प्रत्येकीपाशी कोणत्या क्षणी पोचली हे अणुघड्याळांनी टिपलं की त्याची दिशा विलक्षण बारकाईने निघते. १९९७ मध्ये क्योतोला आंतरराष्ट्रीय खगोल संघाने निर्णय घेतला आणि १ जानेवारी १९९८ पासून आकाशाची अधिकृत चौकट ताऱ्यांवरून क्वेसारांवर गेली. ६०८ उगम, त्यांतले २१२ पायाभूत. वसंतसंपाताची गरज संपली. चौकट आता संपाताबरोबर सरकत नाही, ठरवून दिलेल्या आकड्यांवर उभी असते. १९५५ च्या समितीने पंचांगासाठी जे केलं होतं तेच हे, फक्त अचूकता कितीतरी पटींनी जास्त. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत साडेचार हजारांवर उगम आहेत आणि पायाभूत ३०३. तिची अचूकता विकलेच्या सुमारे तीस दशलक्षांशापर्यंत जाते. रुपयाचं नाणं दीड लाख किलोमीटरवर, चंद्राच्या वाटेवर, धरलं तर पृथ्वीवरून ते एवढं दिसेल.

दरम्यान ताऱ्यांचा नकाशा काढणारेही स्वस्थ नव्हते. युरोपचा हिप्पार्कस उपग्रह १९८९ मध्ये गेला आणि १९९७ मध्ये त्याची १,१८,२१८ ताऱ्यांची सूची आली. अवकाशातून घेतलेला हा पहिला नकाशा आतून इतका बळकट होता की जमिनीवरच्या सूची त्यापुढे मागे पडल्या. पण त्याला क्वेसार दिसत नव्हते. ते फार मंद. अपवाद पुन्हा थ्री-सी २७३ चा, आणि एका बिंदूवरून चौकट जुळत नाही. जुळवायचं काय असतं ते नीट सांगतो. दोन्ही नकाशे गोलाच्या पृष्ठावर आहेत. एक गोल दुसऱ्यावर बसवायला तीन अक्षांभोवती तीन वळणं द्यावी लागतात. आणि एक नकाशा काळाबरोबर फिरत असेल तर त्या फिरण्याचे आणखी तीन आकडे. एकूण सहा. एवढे सहा आकडे काढण्यासाठी दोन्हीकडे दिसणाऱ्या वस्तू हव्यात.

त्या वेळी दुवा ठरले रेडिओ तारे. काही तारे, विशेषतः जवळजवळ फिरणाऱ्या जोड्या, रेडिओ लहरीही सोडतात. ययातीतला अल्गोल हा त्यांपैकी. असे डझनभर तारे दूरवरच्या अँटेनांच्या जाळ्याने क्वेसारांच्या तुलनेत मोजले आणि तेच तारे हिप्पार्कसच्या सूचीतही होते. त्यांच्या जोडीला जुन्या छायाचित्र-काचा आणि हबल दुर्बिणीचे वेध आले. सगळं मिळून जुळणी विकलेच्या ०.६ हजारांशापर्यंत झाली आणि फिरण्याची अनिश्चितता वर्षाला ०.२५ हजारांश राहिली. हा दुसरा आकडा लहान वाटतो, पण वीस वर्षांत तो पाच हजारांश होतो. ताऱ्यांच्या हालचालींवरून आकाशगंगेचं वजन काढणाऱ्याला तो डाचतो.

तो काटा काढला गायाने. १९ डिसेंबर २०१३ ला निघालेल्या या उपग्रहाची दृष्टी इतकी मंद ठिपक्यांपर्यंत पोचली की क्वेसार लाखांनी मिळाले. २०१८ च्या सूचीत ५,५६,८६९ आणि २०२० च्या सूचीत सोळा लाखांवर. क्वेसार जागच्या जागी आहेत असं धरून गायाने आपल्या चौकटीचं फिरणं स्वतःच शून्यावर आणलं. मग रेडिओकडून फक्त दिशा घ्यायची राहिली. २०१८ मध्ये दोन्हीकडे असलेले २,८२० उगम त्यासाठी वापरले. १ जानेवारी २०२२ पासून गायाची चौकट ही दृश्य प्रकाशातली अधिकृत चौकट आहे. तरी एक गाठ उरलीच होती. गाया ठळक ताऱ्यांचे वेध वेगळ्या पद्धतीने घेई आणि क्वेसार सगळे मंद. मंद बाजू क्वेसारांनी धरून ठेवली, पण ठळक ताऱ्यांचा नकाशा २०१८ च्या सूचीत वर्षाला विकलेच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास फिरत असल्याचं दिसलं. ते तपासायला लुंडच्या लेनार्ट लिंडेग्रेन यांनी पुन्हा रेडिओ तारेच हाती घेतले. इतक्या प्रगतीनंतरही जुना दुवा कामाला आला, याचं मला समाधान वाटतं.

हे सगळं खोडदला कसं पोचतं ते आता पाहू. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मधल्या चौकात, १६ तीन बाजूंना पसरलेल्या, सर्वांत लांबचं अंतर सुमारे २५ किलोमीटर. त्यांच्या जोड्या होतात ४३५. निरीक्षण चालू असताना नियंत्रणकक्षात बसलं तर एक गोष्ट लक्षात येते. ज्या दीर्घिकेसाठी वेळ मिळालाय तिच्याकडे अँटेना सलग पाहत नाहीत. दर अर्ध्या तासाने, कधी त्याहून लवकर, सगळ्या अँटेना वळतात, जवळच्या एका ठरलेल्या कॅलिब्रेटरवर काही मिनिटं थांबतात आणि परत येतात. कॅलिब्रेटरची जागा क्वेसारांच्या चौकटीतून आधीच पक्की असते. तिथून येणारी लहर जेवढी चुकलेली दिसते तेवढी चूक वातावरणाची आणि यंत्राची असं मानून दुरुस्त करतात. म्हणजे खोडदमध्ये काढलेल्या प्रत्येक नकाशाला त्याची जागा त्या कॅलिब्रेटरकडून मिळते. नव्या विद्यार्थ्याला हे इकडून तिकडे फिरणं वेळेचा अपव्यय वाटतं. मी म्हणेन, निरीक्षणाच्या रात्रीतला सर्वांत मोलाचा वेळ तो.

कमी वारंवारितेला हे काम जास्त अवघड होतं, कारण आयनोस्फिअर लहरींना वाकवतं आणि उगम नकाशात सरकतो. सरकणं आकाशाच्या प्रत्येक तुकड्यात वेगळं असतं आणि मिनिटामिनिटाला बदलतं. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्‌झला केलेलं टीजीएसएस सर्वेक्षण याच दुखण्याशी झुंजलं. त्याची माहिती ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्याने सोडवली आणि २०१७ मध्ये सव्वासहा लाखांच्या आसपास उगमांची सूची प्रसिद्ध झाली. आकाशाचा नव्वद टक्के भाग तिच्यात आला, जागा दोन विकलांच्या आत.

या सूचीतून निघालेली एक गोष्ट जुळणीचं महत्त्व सर्वांत चांगलं सांगते. त्या वेळी लायडनमध्ये काम करणाऱ्या आयुष सक्सेना आणि सहकाऱ्यांनी टीजीएसएसमधून असे उगम निवडले की जे कमी वारंवारितेला तेजस्वी आणि जास्त वारंवारितेला झपाट्याने मंद होतात. खूप दूरच्या रेडिओ दीर्घिकांची ती एक खूण. त्यातला एक टीजीएसएस जे-१५३०+१०४९. त्याच्या जागी दृश्य प्रकाशाच्या उपलब्ध सर्वेक्षणांत काहीच दिसत नव्हतं. कोरं आकाश. अवरक्त सर्वेक्षणांतही काही नाही. अमेरिकेच्या व्हीएलए जाळ्याने त्याची रेडिओ जागा बारीक केली. मग हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीच्या वर्णपटमापकाची फट त्या रेडिओ जागेवर ठेवली. वर्णपट घेणारी फट अरुंद असते, बाजूला चार विकला गेली तर उगमाचा प्रकाश आतच येत नाही. दिसत नसलेल्या वस्तूवर, दुसऱ्याच प्रकारच्या दुर्बिणीने दिलेल्या आकड्यांच्या भरवशावर ती ठेवली आणि एक रेषा उमटली. त्या रेषेवरून तेव्हा काढलेली ताम्रसृती, म्हणजे रेषा लाल बाजूला किती सरकली याचं माप, ५.७२. २०१८ मध्ये ती तोपर्यंतची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका ठरली. त्या हिशेबाने विश्व जेमतेम शंभर कोटी वर्षांचं असतानाचा तो प्रकाश. रेडिओ आणि प्रकाशीय चौकटी एकमेकींशी जुळलेल्या नसत्या तर फट रिकाम्या आकाशावर पडली असती, आणि तिथे काही नाही असा निष्कर्ष निघाला असता.

चौकटी जुळल्यावरही काही क्वेसारांच्या रेडिओ आणि प्रकाशीय जागा एकमेकींवर बसत नाहीत. फरक असतो विकलेच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा, कधी अधिक. पहिली शंका मोजमापावर येते. पण २०१७ मध्ये युरी कोवालेव, लिओनिद पेत्रोव आणि अलेक्झांडर प्लाविन यांनी हजारो उगम तपासले तेव्हा फरकाची दिशा मन मानेल तशी नव्हती. क्वेसारच्या गाभ्यातून निघणाऱ्या झोताच्याच रेषेत ती वारंवार पडत होती. गायाला दिसतो तो गाभा आणि झोत यांच्या प्रकाशाचा मिळून निघणारा मध्य. रेडिओ जाळं पकडतं तो झोताचा तेवढा ठळक भाग. दोघांनी आपापल्या जागी खरंच मोजलं होतं. ज्याला आपण चूक समजून झटकून टाकलं असतं त्या उरलेल्या फरकातून अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या झोताची रचना कळू लागली. माझ्या मते या सगळ्या कामाचं सर्वांत मोठं फळ हेच आहे. आधी सहा आकडे काटेकोरपणे काढा, चौकट बसवा, मग जे बसत नाही त्याच्याकडे बघा. चौकट सैल असती तर हा फरक गोंधळात बुडून गेला असता.

दोन्ही चौकटींनी स्वतंत्रपणे आणखी एक गोष्ट मोजली. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो, त्यामुळे सगळे क्वेसार धनू राशीतल्या त्या केंद्राकडे अतिशय सावकाश ओढले गेल्यासारखे दिसतात. वर्षाला विकलेच्या पाच-सहा दशलक्षांश इतके. रेडिओने ५.८ सांगितले, गायाने ५ च्या थोडे वर.

हे सगळं दूरच्या आकाशाचं झालं. पण स्वारगेटलाही याचा हिशेब लागतो. जेधे चौकात फोन काढून नकाशा पाहिला की निळा ठिपका आपल्या जागी बसतो. उपग्रह ज्या अवकाशात फिरतात ते पृथ्वीबरोबर फिरत नाही, चौक मात्र फिरतो. पुण्याच्या अक्षांशावर सेकंदाला सुमारे ४४० मीटर पूर्वेकडे. पृथ्वी या क्षणी किती वळली आहे हे एक सहस्रांश सेकंदाने चुकलं तर जागा ४४ सेंटिमीटरने चुकते. पृथ्वीचं फिरणं एकसारखं नाही. वारे, समुद्र, पोटातलं वितळलेलं लोखंड यांनी ते किंचित कमीजास्त होतं. म्हणून ते सतत मोजावं लागतं. उपग्रहांना ते दीर्घकाळ नीट सांगता येत नाही, कारण त्यांच्या कक्षाच हळूहळू वळतात. शेवटी ते क्वेसारांवरूनच काढतात आणि जगातल्या काही अँटेना रोज तासभर तेवढ्यासाठी राखून ठेवलेल्या असतात.

गायाचे वेध १५ जानेवारी २०२५ ला थांबले. त्याच्या माहितीचा पुढचा मोठा संच डिसेंबर २०२६ मध्ये अपेक्षित आहे. ताऱ्यांच्या गती जितक्या अचूक तितकाच त्याचा नकाशा पुढे टिकेल. दरवर्षी तो थोडा थोडा जुना होत जाईल आणि नवा उपग्रह गेला नाही तर चौकट सांभाळण्याचा भार पुन्हा रेडिओवर वाढेल. या पुस्तकातली पहिली प्रकरणं संपात, अयनचलन आणि ताऱ्यांच्या गती यांची आहेत, मधली रेडिओ जाळ्यांची, शेवटची जुळणीची. त्रिकोणमिती शाळेतली पुरेल. गणित आवडत नसेल त्याने चौकटीतली आकडेमोड सोडून पुढे वाचलं तरी चालेल, पण शेवटचा स्वाध्याय सोडू नये. त्यात टीजीएसएस आणि गाया या दोन्ही सूची संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत, दोन्ही मोफत आहेत. ठळक, एकसंध दिसणारे पन्नासेक क्वेसार निवडायचे आणि प्रत्येकाच्या दोन जागांतला फरक कागदावर बाणाने काढायचा. बहुतेक बाण दोन विकलांच्या आत राहतील. एखाद्या भागातले सगळे बाण एकाच दिशेला झुकलेले दिसले, तर ती आयनोस्फिअरची उरलेली खोड समजावी. एखादाच बाण लांब गेला, तर त्या उगमाचा रेडिओ नकाशा उघडून पाहावा. बहुधा त्याला दोन बाजूंना दोन गोळे असतील, सूचीने त्यांच्या मधली जागा किंवा ठळक गोळ्याची जागा उचललेली असेल, आणि दीर्घिका मात्र आपल्या ठिकाणी बरोबर असेल.